ओढ्याला नांगर लागत नाही

न्हावरा फाटा मागे पडला की मी कंपनीच्या बसची खिडकी उघडते. थंडीचे दिवस असतात, बसमधल्या बाया स्वेटरवर स्कार्फ गुंडाळून पेंगत असतात आणि माझ्या नावानं बोटं मोडतात. मोडू देत. नदीकडच्या अंगाला गुऱ्हाळं पेटलेली असतात. चुलवाणात चिपाडं जळतात, काहिलीत रस उकळतो, आणि गोड, जरासा करपलेला वास रस्त्यापर्यंत येतो. या वासानं लोकांना काय काय आठवतं. कुणाला आजोळ आठवतं, कुणाला शाळेच्या वाटेवर मोडून खाल्लेला ऊस. मला डिझेल आठवतं. डिझेल, जळलेला वेल्डिंग रॉड आणि निळा रंग.

गुऱ्हाळाचे हंगाम मी किती पाहिले, पण माझ्या मनात हंगाम म्हटलं की तो एकच येतो. बाकीचे सगळे त्याच्या आगेमागे उभे राहतात.

आमचं रान वडगाव रासाईच्या शिवारात, भीमेच्या अंगाला आहे. वतनाचं रान. दोन एकरांचा तुकडा, एका बाजूला ओढा, उरलेल्या तीन बाजूंना तात्या. तात्या म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. सोसायटीत ते, ग्रामपंचायतीत ते, जत्रेच्या फेट्यातही पहिले तेच. त्यांच्या बांधाच्या कडेनं आमची गाडीवाट जायची. माझ्या आज्यानं तिच्यावरून बैलगाडी हाकली, आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ट्रॅक्टर नेला. कुणी कधी विचारलं नाही, कारण वाट ही विचारायची गोष्टच नव्हती.

त्या वर्षी दसरा झाला आणि एका सकाळी आम्ही रानात गेलो तर वाट नव्हती. नांगरून टाकली होती. काळी ढेकळं उताणी पडलेली, त्यांच्यावर बगळे किडे वेचत होते. आमच्या भागात भाऊबंद एकमेकांचा बांध कोरतात, वर्षाला वीतभर, ते सगळ्यांना माहीत असतं. पण अख्खी वाट गिळायची म्हणजे घसा मोठा लागतो.

तात्या तिथंच होते. हातात मोबाईल, पायात पांढरे बूट.

"तात्या, वाट कुठं गेली?" आबांनी विचारलं.

"कंची वाट, किसन? नकाशात दाव. नकाशात आसंल तर मी सोताच्या हातानं करून देतो."

"माझा बाप ह्या वाटंनं गेला, तात्या."

"बाप गेला आसंल. आता तू काय करतो, आईक. रस्ता न्हाई त्या रानाचं काय लोणचं घालायचंय का? मला देऊन टाक. मी काय परका हाय?"

आबांनी मान खाली घातली. ते रागावले की त्यांची मान खाली जाते आणि बघणाऱ्याला वाटतं माणूस नमला. तात्यांनाही तसंच वाटलं असणार. मला मात्र आबांच्या चपलेचा अंगठा जमिनीत रुतताना दिसत होता.

आमचा ऊस तोडणीला आलेला होता. तो वेळेत बाहेर निघाला नाही तर त्याला तुरा फुटणार, उभ्याउभ्या वाळणार. मग पुढच्या वर्षी लागण करायची कशाला, आणि केली नाही तर रान ठेवायचं कशाला, असे प्रश्न ओळीनं उभे राहणार आणि शेवटच्या प्रश्नाशी तात्या हसत उभे असणार. एवढा सरळ हिशेब होता तो. रस्ता मागायचा अर्ज आम्ही केला. अर्जाला तारखा पडत राहिल्या. ऊस काही तारखा बघून वाढत नाही.

उपाय काढला पारूआत्यानं. आबांची ही थोरली बहीण, निमोण्याला दिलेली. हंगामाला ती माहेरी यायची, पाहुणी म्हणून नव्हे, कोयता घेऊन. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती अंगणात शेंगा फोडत होती. दोन शेंगा तोंडात टाकल्या, चावल्या, आणि म्हणाली, "आन् वढा? वढ्याला तर कुणी नांगर लावला न्हाई ना?"

ओढा आमच्या रानाला लागून जातो तो थेट गावच्या मोरीपर्यंत. मोरीवर डांबरी रस्ता, आणि रस्ता ओलांडला की गुऱ्हाळ. ओढा कुणाच्या सातबाऱ्यावर नसतो. पण त्यात गुडघाभर गाळ, घोंगड्याएवढाले खडक, आणि मोरीपाशी अशी चढण की शेळीसुद्धा विचार करून पाय टाकेल. बैल घालायचा तर पाय मोडायचा. ट्रॅक्टर भाड्यानं सांगितला तर तात्यांच्या शब्दाबाहेर कोण जाणार?

आबांनी मान वर केली आणि लिंबाखाली बघितलं. लिंबाखाली पिकअप उभी होती.

ती गाडी म्हणजे आबांचं तरुणपण. पालेभाजी, मेथी, कोथिंबीर, पुण्याच्या मार्केटला पहाटे पोचवायची. यवतच्या ढाब्यावर तिच्या हौद्यात झोपलेले आबा मी लहानपणी पाहिलेत. नंतर गुडघा गेला, गाडीही दमली, आणि लिंबाखाली लागली ती लागलीच. कोंबड्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर अंडी घालायला सुरुवात केली होती. आत्या अंडी काढायला दार उघडायची तेव्हा ते दार असं कुरकुरायचं की शेजारची म्हातारी म्हणायची, किसनची गाडी निघाली बघा.

यवतहून रफिकमामांना बोलावलं. हायवेच्या कडेला ट्रकच्या दुरुस्तीत आयुष्य गेलेला हा माणूस आबांचा जुना दोस्त. भीमेचा पूल ओलांडून मोटरसायकलवर आले ते बोलत बोलतच उतरले. रफिकमामा जगातल्या प्रत्येक गाडीबद्दल एक फुशारकी सांगतात आणि त्यातली निम्मी खरी निघते. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, आतून उंदरानं केलेलं घरटं काढून आत्याच्या हातात दिलं.

"इंजन जिता हाय," ते म्हणाले. "बाकी समदं मेलंय. करायचं काय हिचं?"

"वढ्यातनं चालली पाहिजे. ऊस भरून," आबा म्हणाले.

रफिकमामांनी आबांकडे बघितलं, ओढ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "किसनभाऊ, शहरातली पोरं शौक म्हणून आसल्या गाड्या करत्यात. डोंगरात जात्यात, फोटो काढत्यात."

"फोटू बी काढू," आत्या म्हणाली. "आदी ऊस काढू."

आता मी कुठून आले ते सांगते. मी शिरूरच्या आयटीआयची वेल्डर. रांजणगावच्या एमआयडीसीत, एका कंपनीत लाइनवर रोज वेल्डिंग करते. नांदायला गेले होते, वर्षभरात परत आले, ती कहाणी वेगळी आणि तिला इथं जागा नाही. एवढंच सांगते की ज्या हातांना सासरी "पोरीची जात, आगीशी कशाला खेळते" असं म्हणायचे, त्याच हातांनी त्या हंगामात आमच्या गाडीचा सांगाडा जोडला. दर सुट्टीला मी घरी वेल्डिंगची काच डोळ्यांवर घ्यायची आणि गावातले रिकामटेकडे लिंबाखाली जमायचे. एक म्हणायचा, पोरगी इस्तू पाडती. दुसरा म्हणायचा, डोळं जात्याल. बघणाऱ्यांचे डोळे मात्र नक्कीच आले असतील, कारण काच फक्त माझ्याकडे होती.

काय काय केलं तिचं! एका भंगारात गेलेल्या जुन्या जीपचा पुढचा आस आणला, म्हणजे आता चारही चाकं ओढणार. स्प्रिंगांत जादा पाटे घालून गाडी उचलली. टायर घातले ते चिखलाचे, मोठ्या खाचांचे, त्यांच्यासाठी मडगार्ड कापून काढले. ओढ्यात पाणी असलं तर इंजिनाला नाकातोंडात पाणी जायला नको, म्हणून हवेचा पाइप वर घ्यायचा होता. रफिकमामा म्हणाले, शहरात ह्याचा तयार पाइप मिळतो. आबा गोठ्यात गेले आणि बोअरचा उरलेला पाइप घेऊन आले. काचेच्या कडेनं तो टपाच्या वर नेला, तोंडाला गुडघा, म्हणजे पाइपाचा वाकडा जोड, बसवला. पाणी वर आणण्यासाठी घेतलेला पाइप शेवटी पाण्यापासून वाचायला वापरला. त्याला एक प्लास्टिकची जाळी पाहिजे होती तर आत्यानं चहाची गाळणी दिली, आणि आठ दिवस आम्ही फडक्यानं गाळून चहा प्यायलो.

गाडी एवढी उंच झाली की आबांचा अधू गुडघा तिच्यात चढेना. माणूस दारापाशी उभा, हात हँडलला, आणि पाय अधांतरी. कुणी हसलं नाही. मी मोडक्या कुळवाचा लोखंडी दांडा घेतला आणि दाराखाली पायरी जोडली. आबांनी तिच्यावर पाय ठेवून अंगाचा भार टाकून बघितला, मग वर चढून बसले, आणि बराच वेळ खालीच उतरले नाहीत.

रंगाचा विषय निघाला तेव्हा रफिकमामा म्हणाले, "आसल्या गाड्यांना काळा मारत्यात. बिनचमकीचा. लई भारी दिसतो."

"निळा," आबा म्हणाले.

"कंचा निळा? डब्यावर धा निळे असत्यात."

"तुमाला ठावं हाय कंचा."

रफिकमामांना ठाऊक होता. चौदा एप्रिलला मिरवणुकीतले ट्रॅक्टर दरवर्षी त्यांच्याच दारात तपासले जायचे.

शेवटी राहिला हॉर्न. रफिकमामांनी पिशवीतून दोन भोंग्यांचा, ट्रकचा असतो तसा हॉर्न काढला. नवा, चकचकीत, त्यांच्याकडून भेट. आबांनी तो हातात घेतला, फुंकर मारून पुसला आणि म्हणाले, "आत्ता नगं."

"का? बिनहॉर्नाची गाडी म्हंजी मुकी की वो!"

"वढ्यात कुणाला वाजवायचा? बेडकांना? रस्ता झाला की बसवू."

हॉर्न फडक्यात बांधून घरातल्या कोनाड्यात ठेवला, बुद्धाच्या मूर्तीच्या खालच्या फळीवर. आत्या रोज मूर्ती पुसताना त्यालाही पुसायची.

आता ही गाडी हमरस्त्यावर न्यायची सोय नव्हती. एवढे बदल केलेली गाडी दिसली की पोलीस आधी हीच उचलणार. मला याची गंमत वाटायची. रस्त्यावर चालायची मुभा नसलेली गाडी, रस्ता नसलेल्या रानासाठी. जोडी जमली होती.

मग तो दिवस आला. पौषातली सकाळ, पाचटावर दव, बोटं कोयत्याच्या मुठीला चिकटत होती. तोडायला टोळी नव्हती, भावकीतली माणसं होती, आणि आत्या सगळ्यांच्या पुढं. रिकामी गाडी पहाटेच ओढ्यातून रानात आणून लावली होती. उसाच्या मोळ्या बांधून हौद्यात भरल्या. भरल्या आबांनी, आणि तिथंच घोटाळा झाला. आबा आयुष्यभर बैलगाडी भरत आलेले. बैलगाडीत ऊस मागं लांब सोडतात, जुवावर ओझं येऊन बैलांची मान मोडू नये म्हणून. आबांच्या हातांना तेच वळण. त्यांनी पिकअपही तशीच भरली, ऊस मागं हातभर, दोन हात लोंबता. बैल नाहीत हे हातांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हीही बघत होतो, आणि आम्हाला तो भार छानच दिसत होता.

आबांनी इंजिन तापवायचा हिटर धरला, किल्ली फिरवली. थंडीतलं डिझेल इंजिन आधी खोकतं, मग नाराजीनं हुंकार देतं, मग एकदम लागतं. काळा धूर वरच्या पाइपातून उसाच्या शेंड्यांवर गेला. गाडी ओढ्यात उतरली. गाळात चारही चाकं फिरली, आणि ती पुढं गेली. खडकांवरून आडवी-तिरपी होत, पाणकणसं झोपवत, खंड्यांना उडवत गेली. मी मागून चालत होते, चिखलानं माखलेली, आणि मला ओरडावंसं वाटत होतं. ओरडलेही. काय ओरडले ते आठवत नाही.

मोरीवर अर्धा गाव जमला होता. तात्यांची मोटरसायकल कठड्याला टेकवलेली, तात्या तिच्यावर रेलून बसलेले. गाडी चढणीला लागली, निम्म्यावर आली, आणि तिचं नाक वर गेलं. पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली गेली आणि हवेत नुसतीच गरगरायला लागली. मागचा ऊस मातीला टेकला. बैलगाडी मागच्या मागं कलंडते तिला आमच्याकडे उलार होणं म्हणतात. आमची पिकअप उलार झाली.

मोरीवर हशा पिकला. तात्या काही मोठ्यानं हसले नाहीत. म्हणाले, "किसन, गाडी सलाम करती बघ. आता तरी आईक." आणि पुन्हा कुणी तरी हसलं.

आबांनी ब्रेक दाबून धरला होता. त्यांचा चेहरा मला काचेतून दिसत होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला भीती वाटली. गाडी मागं आली असती तर आबांसकट ओढ्यात गेली असती, आणि रानही तिथंच संपलं असतं.

तेवढ्यात आत्या माझ्या शेजारून पुढं गेली. कोयता कमरेला खोचलेला, लुगड्याचा ओचा आवळलेला.

"गाडी उलार झाली का काय करत्यात गं?" तिनं मला विचारलं, जशी काही मी शाळेत बसलेय.

"पुढं माणूस बसवत्यात."

"मग चल की, बघती काय?"

ती माझ्या पायरीवर चढली, तिथून बॉनेटवर. मी तिच्यामागं. दोघी चाकांवरच्या अंगाला, एकमेकींचा हात धरून, मोरीकडे तोंड करून बसलो. खाली इंजिनाची ऊब, समोर सगळा गाव. आत्यानं डोक्यावरचा पदर नीट केला, एवढ्यातही. नाक हळूहळू खाली आलं. चाकांनी माती धरली. आबांनी ब्रेक सोडला, आणि आम्हा दोघींना पुढं बसवून ती गाडी चढणीवरून वर आली, मोरीवर आली, आणि तात्यांना मोटरसायकल बाजूला घ्यावी लागली.

आत्या बॉनेटवरून त्यांना म्हणाली, "तात्या, सलाम न्हाई. नाक वर केलं व्हतं तिनं."

गुऱ्हाळवाल्यानं काहिलीतून दोन वाट्या गरम काकवी काढून आम्हाला बॉनेटवरच दिली. जीभ भाजली. अजूनही काकवी म्हटलं की मला ती भाजलेली जीभ आठवते, आणि मी फुंकर न मारता खाते.

नंतरच्या खेपांना ऊस पुढं रेलून भरला. मध्येच कॅनॉलचं आवर्तन सुटलं आणि ओढ्याला चांगलं मांडीभर पाणी आलं. गावाला वाटलं, आता बसली. गाडी दिव्यांपर्यंत पाण्यात उतरली आणि चहाच्या गाळणीतून श्वास घेत पलीकडे निघाली. त्या हंगामात आमच्या उसाचं टिपरूसुद्धा रानात राहिलं नाही. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा लागण केली. त्याच्या पुढच्या वर्षीही.

कंपनीतली एक मैत्रीण मला म्हणते, एवढा राग उरात धरून कसं जगता तुम्ही? तिला वाटतं राग ही पोटदुखीसारखी गोष्ट आहे, ओवा खाल्ला की जाते. मला राग आला होता, येतो, आणि मी तो लपवत नाही. पण नुसत्या रागानं आमची गाडी एक इंच हलली नसती. त्याला पाटे घालावे लागले, पाइप लावावा लागला, पायरी जोडावी लागली. एवढं केल्यावर त्याला नुसता राग म्हणायचं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. समजूतदारपणा मात्र मला कुणी शिकवू नये. समजूतदारपणाचे सगळे धडे ज्याची वाट नांगरली त्यालाच का दिले जातात, याचं उत्तर आधी द्यावं.

आत्या गेली त्याला आता दोन हंगाम झाले. निमोण्यात तिच्या घरी भिंतीवर एकच फोटो आहे, बॉनेटवरचा. मोरीवर हसायला आलेल्यांपैकीच कुणी तरी तो काढला होता. फोटू बी काढू म्हणाली होती, तोही निघाला.

आणि या वर्षी, दिवाळीनंतर, रस्ता झाला. त्याच जुन्या अर्जावर मोजणी आली, दोरी ताणली, दगड रोवले. जुन्या नकाशात वाट होती. ठळक नाही, तुटक रेघांची, पण होती. तात्यांच्या उसातून पट्टा मोकळा झाला. आता तात्याही थकलेत. पांढऱ्या बुटांच्या जागी चप्पल आली आहे.

मी खिडकी उघडून वास घेते म्हणाले ना, या वर्षी तो पहिल्यांदा घेतला तो हंगामातल्या पहिल्या खेपेच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी रफिकमामा आले. आबांनी कोनाड्यातून फडकं काढलं. दोन तारा, दोन बोल्ट, एवढंच काम होतं, पण मामांनी ते करताना हायवेवरच्या तीन फुशारक्या सांगितल्या. आबांचा गुडघा आता क्लच दाबू देत नाही. मी गाडी चालवायला बसले. आबा कुळवाच्या पायरीवरून शेजारी चढले, त्यांना वेळ लागला, कुणी हात दिलेला त्यांना चालत नाही.

ऊस भरून, नीट पुढं रेलून, आम्ही वाटेला लागलो. दोन्हीकडे तात्यांचा ऊस. तात्या बांधावर उभे होते. मी गाडी हळू केली.

"आबा," तात्या म्हणाले. माझ्या उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून 'किसन' सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं. "आबा, झाला म्हणा रस्ता. जावा आता आरामात."

आबांनी मान हलवली. खाली घातली नाही, नुसती हलवली. तात्या उसात सरकून उभे राहिले आणि पुढची वाट मोकळी दिसली, थेट मोरीपर्यंत, दवानं ओली, एक कुत्रंसुद्धा आडवं नाही.

"हॉर्न वाजव," आबा म्हणाले.

"आबा, समोर कुणीच न्हाई."

"म्हणून तर वाजव."

माझा हात पोचायच्या आत त्यांनीच हात लांब केला आणि हॉर्न दाबला. उसातले बगळे उडाले, गुऱ्हाळावरची माणसं बाहेर येऊन बघायला लागली. मोरी आली तरी आबांनी हात काढला नव्हता.